चाकं जागेवरच घुमतात: रस्त्यावर चालणाऱ्या मसल कारला ड्रॅगसाठी मागचे टायर कसे निवडायचे

पावतीवरचे दोनच आकडे मला कळत होते. वेळ १४.३१ सेकंद, शेवटचा वेग ताशी १०४ मैल. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैल सरळ पळायच्या शर्यतीच्या पट्ट्यावर, प्रत्येक धावेनंतर खिडकीतून अशी पावती मिळते, तिला टाइम स्लिप म्हणतात. माझी ती पहिलीच, त्यामुळे घडी न घालता दोन बोटांत धरून मी मिरवत होतो. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी ती मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "इंजिन तेराचं आहे. टायर चौदाचे आहेत."

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला एक अख्खा उन्हाळा आणि टायरचा एक चुकीचा जोड लागला. डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यात मराठी माणसं भरपूर, आणि त्यातल्या काहींना हा नाद लागतोच. दर एप्रिलमध्ये बर्फ वितळला की कुणाचा तरी फोन येतो: "दादा, गाडी सुटतच नाही. दिवा हिरवा झाला की चाकं जागेवर घुमतात. कुठले टायर घेऊ?" मी काहीतरी सांगतो. ऑगस्टमध्ये नव्या टायरांसकट तोच फोन पुन्हा येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

माझी गाडी १९७२ ची शेव्हरोले शेवेल, मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार. ३५० क्युबिक इंचांचं, थोडं काम केलेलं इंजिन, टर्बो ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या ॲक्सलला ३.७३ चा गिअर, म्हणजे शाफ्टचे ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक. माझ्यासकट वजन सुमारे ३,७०० पौंड. आणि मुख्य म्हणजे माझ्याकडे ट्रेलर नाही. ओहायोतल्या नॉरवॉकच्या स्ट्रिपवर गाडी दोन तास स्वतःच्या चाकांवर जाते, धावते आणि त्याच चाकांवर परत येते. तुमची गाडी ट्रेलरवर जात असेल तर पुढचं बरंचसं तुमच्यासाठी नाही. सरळ स्लिक, म्हणजे बिनखाचांचे शर्यतीचे टायर, घ्या आणि मोकळे व्हा.

आधी पावती वाचा, मग दुकानात जा

पाव मैल म्हणजे १,३२० फूट. या अंतराच्या शेवटचा वेग मुख्यतः गाडीच्या वजनावर आणि इंजिनाच्या ताकदीवर ठरतो. लागलेला वेळ मात्र सुरुवातीला तुम्ही काय केलंत त्यावर फार अवलंबून असतो. यासाठी दोन जुनी, ढोबळ सूत्रं आहेत. एकात वजन भागिले अश्वशक्ती याच्या घनमुळाला ५.८२५ ने गुणलं की वेळ मिळतो. दुसऱ्यात अश्वशक्ती भागिले वजन याच्या घनमुळाला २३४ ने गुणलं की वेग मिळतो. दोन्हींचा गुणाकार करा, वजन आणि ताकद दोन्ही उडून जातात आणि हातात उरतो १,३६३.

म्हणजे १,३६३ ला आपल्या शेवटच्या वेगाने भागायचं. माझं उत्तर आलं १३.१ सेकंद. माझ्या इंजिनाने १३.१ ची मजुरी केली होती आणि मी १४.३१ घेऊन घरी आलो होतो. बाकीचा सव्वा सेकंद मी धूर करून उडवला. त्या गृहस्थांनी हाच हिशोब तोंडी केला होता.

तुमच्या पावतीत हा फरक तीन दशांशांच्या आत असेल तर टायरला हात लावू नका. पैसे इंजिनात घाला, किंवा बँकेत ठेवा.

फरक मोठा असेल तर पावतीवरचा '६० फूट' हा आकडा पाहा, तो पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ असतो. माझा होता २.४६. या वजनाची, नीट चिकटलेली, रस्त्यावरची गाडी १.८ ते १.९ मध्ये हे अंतर कापते. इथे वाचवलेला एक दशांश शेवटाला दीड ते दोन दशांश होऊन मिळतो. यापुढे जे काही बदलाल त्याचा निकाल याच आकड्यावर लावा. एकूण वेळेकडे पाहिलंत तर हवामान, वारा, गिअर कधी बदलला या सगळ्याची त्यात भेसळ असते.

चाक नेमकं कुठे सुटतं?

मित्राला गाडीच्या मागे, जरा बाजूला उभं करा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायला सांगा. "चाकं घुमतात" या एका तक्रारीत निदान पाच वेगवेगळे आजार असतात आणि त्यातल्या एकावरच टायर हे औषध आहे.

गाडी हलण्याआधीच चाक सुटत असेल, म्हणजे पहिल्या क्षणापासून धूर, तर रबर कडक आहे, थंड आहे, किंवा हवा जास्त आहे. हा टायरचाच आजार.

गाडी आधी झेपावते, दोन-तीन फूट जाते आणि मग चाक सुटतं, तर टायरने पकड घेतली होती, सस्पेन्शनने ती सोडवली. मागचे शॉकअप थकलेले असले की गाडीचा मागचा भाग झटक्यात हलतो, चाकावरचा दाब क्षणभर कमी होतो आणि तेवढं पुरतं. इथे महागडे टायर घालूनही हेच होईल, फक्त एक फूट पुढे.

मागची चाकं उड्या मारत असतील, धाड धाड आवाज येत असेल, तर ताबडतोब पाय काढा. शेवेलच्या पिढीच्या गाड्यांत मागचा ॲक्सल चार आर्मवर तोललेला असतो. वरच्या आर्मचे रबरी बुश पन्नास वर्षांत लाकडासारखे होतात किंवा विरघळल्यासारखे होतात. बुश बदला. उड्या मारणाऱ्या चाकावर चिकट टायर चढवणं म्हणजे ॲक्सल तोडण्याची तयारी.

रस्त्यावर काळा पट्टा एकच उमटत असेल तर टायर, हवा, बुश सगळं विसरा आणि डिफरन्शियल बघा. एका चाकाला मोकळं सुटू न देणाऱ्या डिफरन्शियलला शेव्हरोलेवाले पॉझिट्रॅक्शन म्हणत, पॉन्टिॲकवाले सेफ-टी-ट्रॅक, क्रायस्लरवाले शुअर ग्रिप, फोर्डवाले ट्रॅक्शन-लॉक. काम एकच: दोन्ही चाकांना ताकद देणं. मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचलून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर पॉझी आहे. उलटं फिरलं किंवा नुसतं उभं राहिलं तर नाही. पण हाताच्या परीक्षेत पास झालेल्या जुन्या पॉझीच्या क्लच प्लेटा खऱ्या जोराखाली नापास होऊ शकतात, म्हणून शेवटचा शब्द रस्त्यावरच्या पट्ट्यांचाच. एक ओळखीचा तरुण दोन हंगाम टायर बदलत राहिला, तेव्हा त्याचं उजवं चाक एकटंच राबत होतं.

पाचवा आजार दुसऱ्या गिअरचा. गाडी चांगली सुटते, गिअर बदलताना किंचाळते. हा बहुतेकदा हवेने किंवा शॉकअपने सुटतो.

माझी चूक: रुंदीचा मोह

पावती वाचता येत नव्हती तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. रुंद टायर घेतले. पांढऱ्या अक्षरांचे, दिसायला झकास, २७५ मिलिमीटरचे. गाडीवर मूळची सात इंची रॅली चाकं होती, त्यांवरच बसवून घेतले. दुकानदार काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. ६० फुटांचा वेळ २.४६ वरून २.४१ वर आला. पाच शतांशांसाठी टायरचा नवा जोड.

झालं काय होतं? एक म्हणजे अरुंद रिमवर रुंद टायर आवळला जातो आणि मधोमध फुगतो. कडा जमिनीला जेमतेम टेकतात. पण मोठं कारण दुसरंच. टायर जमिनीला किती टेकतो हे रुंदीपेक्षा आतल्या हवेवर जास्त ठरतं. माझ्या गाडीच्या मागच्या एका चाकावर उभ्या अवस्थेत सुमारे ८०० पौंड येतात. ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) हवा असेल तर ढोबळमानाने २५ चौरस इंच जमीन मिळते, १६ असेल तर ५०. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली, तर तो ठसा फक्त आडवा होतो. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच.

आणि रबर. नेहमीचा टायर हजारो मैल टिकावा म्हणून कडक मिश्रणाचा असतो. त्याच्या साइडवॉलवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, साध्या टायरवर तो ४०० च्या आसपास दिसतो. निट्टोच्या एनटी०५आर या ड्रॅग रेडियलवर, म्हणजे शर्यतीसाठीच्या मऊ रबराच्या टायरवर, तो ००  आहे. म्हणजे कंपनीच सांगते आहे, टिकण्याबद्दल विचारू नका. डॉजने २०१८ च्या चॅलेंजर डीमनला शोरूममधूनच हे टायर दिले, ३१५/४०आर१८ मापाचे (रुंदी मिलिमीटरांत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), आणि तिने पाव मैल ९.६५ सेकंदांत कापला.

कोल्हापूरकडच्या माणसाला हे लवकर समजावं. तालमीतली लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवतात, म्हणून पायाला धरते. स्ट्रिपचंही तसंच आहे. सुरुवातीच्या पट्ट्यावर राळेसारखं चिकट द्रव्य फवारतात, त्यावर रबर घासून थर चढवतात. बूट घालून उभे राहिलात तर उचलताना चटचट आवाज येतो. मऊ टायर अशा जमिनीत पाय रोवतो. कडक टायर त्याच जमिनीवर फरशीवर उभ्या केलेल्या पैलवानासारखा घसरतो. याची दुसरी बाजूही आहे: जमीन मुरवलेली नसेल तर मऊ टायरचा फायदा बराच घटतो. अँबी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर किंवा साध्या डांबरावर पळणाऱ्यांनी इथले आकडे जसेच्या तसे तिथे लावू नयेत.

चार जाती

आपल्याकडे टायर गोटा झाला की बदलतात. इथे गोटा टायर नवे कोरे, चांगले पैसे मोजून विकत मिळतात. त्यांना स्लिक म्हणतात आणि त्यांच्यावर 'सार्वजनिक रस्त्यासाठी नाही' असं छापलेलं असतं. ते खरं माना. खाच नाही म्हणजे पाणी जायला वाट नाही.

दुसऱ्या टोकाला साधे रेडियल. १०४ मैलांच्या गाडीला ते चालतात, फक्त सुटताना अंड्यावर पाय ठेवल्यासारखा ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. एक गोष्ट मात्र तपासा. जुन्या धाटणीच्या १५ इंची टायरांवर बऱ्याचदा 'एस' हा वेगाचा दर्जा असतो, म्हणजे ताशी ११२ मैलांची मर्यादा. इंजिनात काम वाढवलंत तर ती रेषा फार दूर नाही.

मधल्या दोन जाती आपल्या कामाच्या. एक, खाचा जवळपास नावालाच असलेले, रस्त्यावर चालवायला कायद्याने परवानगी असलेले टायर, उदाहरणार्थ मिकी थॉम्पसनचे ईटी स्ट्रीट आर. हे रेडियल (आतले दोर सरळ आडवे) आणि बायस-प्लाय (दोर तिरके) अशा दोन्ही बांधणीत मिळतात. दोन, खाचा बऱ्यापैकी असलेले ड्रॅग रेडियल, जसे त्याच कंपनीचे ईटी स्ट्रीट एस/एस किंवा निट्टोचे एनटी५५५आर. (मिकी थॉम्पसन हा खरा माणूस होता. १९६० मध्ये बॉनव्हिलच्या मीठपठारावर त्याने चार इंजिनांची गाडी ताशी ४०० मैलांच्या वर नेली आणि १९६३ मध्ये टायरची कंपनी काढली. आज कंपनी लोकांना ठाऊक आहे, माणूस नाही.)

रेडियल की बायस-प्लाय यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत सरळ आहे. क्लचची गाडी असेल आणि तुम्ही पाच हजार आरपीएमवर क्लच सोडणार असाल, तर बायस-प्लाय. त्याची साइडवॉल चुरगळते, सुरकुत्या पडतात आणि तो धक्का पोटात घेते. शिवाय थोडा घसरला तरी पुन्हा पकडतो. रेडियल ताठ असतो. पकडला तर झकास, पण एकदा सुटला की पाय काढल्याशिवाय सहसा परत पकडत नाही. ऑटोमॅटिक गाडी कन्व्हर्टरमुळे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाच्या जोडामुळे, मुळातच मवाळपणे सुटते, तिला रेडियल पुरतो. हायवेवर तो सरळ चालतो आणि वरच्या वेगात कमी ओढतो.

मागे बायस-प्लाय आणि पुढे रेडियल घालून हायवेला लागू नका. लेन बदलताना मागचा भाग उशिरा येतो, मग जास्त येतो. मी मित्राच्या गाडीत शेजारी बसून हे अनुभवलं आहे, वीस मिनिटांत तोंडचं पाणी पळालं.

मी घेतले ईटी स्ट्रीट एस/एस, २७५/६०आर१५, आठ इंची रिमवर. त्याहून चिकट टायर मिळाले असते. पण नॉरवॉकहून परतताना एरी सरोवरावरून येणारा पाऊस कुणाला विचारून येत नाही, आणि मला खाचा हव्या होत्या.

दोन जोड चाकं ठेवायची सोय असेल तर प्रश्नच मिटतो. हॉट रॉड या अमेरिकन मासिकाच्या ड्रॅग वीकमध्ये २००५ पासून लोक हेच करतात. आठवड्यात वेगवेगळ्या स्ट्रिपवर पळायचं आणि मधलं हजारभर मैलांचं अंतर त्याच गाडीने कापायचं, म्हणून बरेच जण मागे छोटीशी गाडी जोडून तिच्यात स्लिक आणि जॅक घेऊन फिरतात. हजार अश्वशक्तीची गाडी बैलगाडीसारखी सामान ओढत चालली आहे, हे दृश्य एकदा पाहण्यासारखं आहे.

माप घेताना

२७५/६०आर१५ ची उंची २८ इंच होते, जुन्या २३५/६०आर१५ ची २६. दोन इंचांनी काय होतं? ३.७३ चा गिअर ३.४६ असल्यासारखा वागू लागतो. गाडी सुटताना मऊ पडते. पण माझ्या शेवटच्या वेगाला इंजिनचे फेरे सुमारे ५,००० वरून ४,६५० वर आले आणि हायवेवर ७० मैलांना सुमारे ३,४०० वरून ३,१००. हिशोब सोपा: ताशी मैल गुणिले गिअर गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचांत. आधीच ३.०८ सारखा लांब गिअर असेल तर २८ इंची टायर घेऊ नका. चाक घुमायचं थांबेल, पण गाडी दम लागल्यासारखी उठेल आणि तुम्ही टायरला शिव्या द्याल. तिथे २५५/६०आर१५ बरा, तो २७ इंचांचा आहे.

बॅकस्पेसिंग म्हणजे चाक जिथे हबला टेकतं तिथपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. माझं साडेचार इंच आहे. तरीही मडगार्डच्या आतल्या कडेचा ओठ वर वळवावा लागला, नाहीतर स्पीड ब्रेकरवर टायर कापला गेला असता. दुसऱ्याच्या शेवेलमध्ये बसलं म्हणून तुमच्यात बसेलच असं नाही. पन्नास वर्षांत ॲक्सल, बुश, पत्रा सगळं थोडं थोडं सरकलेलं असतं. गाडी चाकांवर उभी असताना मोजा, जॅकवर असताना नाही, आणि दोन्ही बाजू मोजा. माझ्या डाव्या-उजव्या बाजूत चांगला दिसण्याइतका फरक निघाला.

हवा, पाणी, धूर

नव्या टायरांवरच्या पहिल्या दिवशी माझा ६० फुटांचा वेळ २.१२ होता. बरा, पण मोजलेल्या पैशांचा नाही. संध्याकाळपर्यंत तोच १.८८ झाला, आणि त्यासाठी मी काहीही विकत घेतलं नाही. एक गेज सोडून.

नेहमीचा पेनसारखा गेज दोन-तीन पौंड इकडेतिकडे दाखवतो. ३२ वर चालून जातं, १७ वर नाही. ० ते ३० पीएसआय एवढाच पट्टा असलेला गेज घ्या. ड्रॅग रेडियल २० पीएसआयवर सुरू करा, दर धावेला एक-एक उतरवा आणि पावतीवरचा तोच ६० फुटांचा आकडा बघा. सुधारणा थांबली की एक पौंड वर या. माझी गाडी १७ वर खूश असते. रेडियलमध्ये फार खाली गेलात तर शेवटच्या टोकाला गाडी जेलीसारखी डुलते, ते लक्षण ओळखा. हवा प्रत्येक धावेआधी मोजा. तापमानात १० अंश फॅरनहाइटचा फरक पडला की साधारण एक पीएसआय बदलतो, आणि दुपारच्या उन्हात एका बाजूचा टायर तापलेला, दुसरा सावलीत, असं हमखास होतं.

जमिनीवरचा ठसा वाचायलाही शिका. मधोमध गडद पट्टा आणि कडा फिक्या, तर हवा जास्त. कडा गडद आणि मध्य फिका, तर कमी. ठसा स्पष्ट नसेल तर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने टायरवर आडवी रेघ ओढा, थोडं चालवा आणि कुठे पुसली गेली ते पाहा.

बर्नआउटबद्दल गैरसमज फार. पाण्याच्या खड्ड्यात चाकं भिजवून घुमवणं हे टायर साफ आणि गरम करण्यासाठी असतं. खाचांचे टायर असतील तर खड्ड्याला वळसा घालून पुढे जा आणि मागे सरकत फक्त कडेचा ओलावा घ्या. मधून गेलात तर पुढची चाकं भिजतात, खाचांमध्ये पाणी राहतं आणि ते नेमकं सुटण्याच्या रेषेवर गळतं. मागचे रेसर मग तुमच्याकडे कसे बघतात ते मी सांगत नाही. ड्रॅग रेडियलला हलका धूर दिसला की पुरे. ढगात गाडी हरवेपर्यंत घुमवणं फोटोसाठी ठीक, रबर त्यात जास्त तापून तेलकट होतं. साध्या कडक टायरांना तर कोरड्यावर एक झटका देऊन कचरा उडवणं एवढंच पुरे.

टायर चिकटला, आता बाकीचं तुटेल

चाक घुमत होतं तोवर ते फ्यूजचं काम करत होतं. जास्तीची ताकद धुरात जात होती. टायर चिकटला की ती पुढच्या कमजोर कडीवर जाते. माझ्या बाबतीत चौथ्याच धावेला जॉइंट शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचा, मागचा क्रॉस गेला. शाफ्टखाली सेफ्टी लूप (तुटलेला शाफ्ट धरून ठेवणारी लोखंडी कडी) होता म्हणून शाफ्ट खाली पडून रस्त्यात रुतला नाही. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत १३.९९ सेकंद किंवा त्याहून वेगाने, स्लिक लावून धावणाऱ्या गाडीला हा लूप सक्तीचा आहे. तुमचे टायर त्या व्याख्येत बसोत वा न बसोत, लूप लावा. हेल्मेटचीही तीच १३.९९ ची रेषा. काल चौदात धावणारी गाडी नव्या टायरांनी आज तेरात येते, तेव्हा हेल्मेट घेऊनच जा, नाहीतर पहिल्या चांगल्या धावेनंतर तुम्हाला परत पाठवतील.

शेवेलसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत आणखी एक जुनी युक्ती उपयोगी पडते. शाफ्टचा पीळ मागच्या ॲक्सलला असा फिरवू पाहतो की डावं चाक जमिनीत दाबलं जातं आणि उजवं हलकं होतं. उजव्या स्प्रिंगच्या आत हवेची पिशवी बसवून तिच्यात डावीपेक्षा जास्त हवा भरली की दोन्ही चाकं सारखी राबतात. स्वस्त उपाय आहे. माझे १.८८ त्यानेच १.८४ झाले आणि पावतीवर १३.२४ उमटले.

परतीचा रस्ता

एकदा या आनंदात मी हवा परत भरायची विसरलो. १७ पीएसआयवर ओहायो टर्नपाइक या हायवेला लागलो, ७० च्या वेगाने. पंधरा मैलांवर गाडी लोण्यावर चालल्यासारखी वाटू लागली. थांबून टायरला हात लावला तर साइडवॉल चहाच्या कपासारखी गरम. नशीब म्हणून फुटला नाही. तेव्हापासून सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप गाडीत कायम असतो, आणि हेल्मेट उतरवताना आत हवेचा गेज ठेवतो. गेज हातात आल्याशिवाय हेल्मेट डिकीत जात नाही.

पाऊस लागला तर खाचांच्या ड्रॅग रेडियलवरही ५५ च्या वर जाऊ नका, आणि साचलेल्या पाण्यात तर त्याहून खाली. ऑक्टोबरमध्ये सकाळी पारा ४० फॅरनहाइटच्या खाली असेल तर गाडी घरीच राहू द्या. हे रबर थंडीत पाटीसारखं होतं. ते गोठलेलं असताना गाडी हलवली तर चिरा पडू शकतात, म्हणून मिशिगनच्या हिवाळ्यात मी मागची चाकं काढून तळघरात, हीटरपासून लांब, काळ्या पिशवीत ठेवतो. वापरलेले टायर घ्यायचे असतील तर साइडवॉलवरच्या कोडचे शेवटचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच पूर्ण शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचं मऊ रबर मऊ राहिलेलं नसतं. नखाने दाबून बघा, नख रुतलं नाही तर उचलू नका.